माइल्स किओ : एका आयरिश घोडेस्वाराची मानचिन्हे

प्रस्तावना

अमेरिकेच्या सातव्या घोडदळ रेजिमेंटमधील कॅप्टन माइल्स वॉल्टर किओ हा २५ जून १८७६ रोजी मोंटाना प्रदेशात लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या लढाईत मारला गेला. त्या वेळी त्याचे वय ३६ वर्षांचे होते. दोन दिवसांनी मदतीस आलेल्या सैन्याला जे दृश्य दिसले त्यात किओचा मृतदेह वेगळा उठून दिसत होता. त्याच्या अंगावरील कपडे काढून नेलेले होते, परंतु इतर अनेक मृतदेहांप्रमाणे त्याची विटंबना झालेली नव्हती. त्याच्या गळ्यातील साखळीत 'आग्नुस देई' हे कोकराची मुद्रा असलेले कॅथलिक धार्मिक चिन्ह तसेच राहिले होते.

या एका तपशिलावर पुढे आख्यायिकेची मोठी इमारत उभी राहिली. त्या चिन्हात काही दैवी शक्ती आहे अशा समजुतीने मूलनिवासी योद्ध्यांनी त्यास हात लावला नाही, असे कोणी लिहिले. त्या योद्ध्यांपैकी काही कॅथलिक झालेले असावेत, असे दुसऱ्या कोणी लिहिले. लोकप्रिय चरित्रकारांनी तर त्या साध्या धार्मिक चिन्हाच्या जागी पोपने दिलेले शौर्यपदकच आणून ठेवले आणि पदकाने आपल्या धन्याच्या देहाचे रक्षण केले, अशी सुबक कथा रचली. ही स्पष्टीकरणे मुख्यतः पराभूत सैन्याच्या बाजूने आली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

किओला आपल्या आयुष्यात तीन प्रकारचे सन्मान मिळाले. ज्या शेवटच्या लढाईमुळे त्याचे नाव आज ओळखले जाते, तिच्यासाठी मात्र त्यास कोणतेही पदक मिळाले नाही. सन्मान हा सैनिकाच्या गुणाची पावती असतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु त्यावर सन्मान देणाऱ्या सत्तेच्या गरजांचाही ठसा असतो, आणि किओच्या चरित्रात हा ठसा विशेष स्पष्ट उमटलेला आहे. म्हणून त्याच्या चरित्राचा विचार येथे त्याच्या मानचिन्हांच्या अनुषंगाने केला आहे.

कार्लो ते अँकोना

किओचा जन्म २५ मार्च १८४० रोजी आयर्लंडमधील कार्लो काउंटीत, बॅरो नदीकाठच्या लॉक्लिनब्रिज या गावी झाला. वडील जॉन किओ हे शेतकरी होते. आई मार्गारेट ही किल्केनी काउंटीतील ब्लँचफील्ड या प्रतिष्ठित कॅथलिक घराण्यातील होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्यात सुमारे १० लाख माणसे दगावली व त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. त्या काळी माइल्स पाच-सहा वर्षांचा होता. परंतु एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक आयरिश स्थलांतरिताकडे या दुष्काळाच्या चौकटीतून पाहण्याची जी सवय आपणास लागली आहे, ती येथे दिशाभूल करणारी ठरते. किओचे घर खाऊनपिऊन सुखी होते. पोटासाठी देश सोडणाऱ्यांपैकी तो नव्हता. मोठ्या कुटुंबातील धाकट्या, सुशिक्षित, कॅथलिक मुलास ब्रिटिश सत्तेखालील आयर्लंडमध्ये मानाचे स्थान मिळवण्याच्या वाटा मोजक्याच होत्या, हे त्याच्या प्रस्थानामागील खरे कारण दिसते.

ती वाट त्यास इटलीत सापडली. १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणाची लाट पोपच्या राज्यावर येऊन आदळत होती. पोप पायस नववे यांच्या मदतीसाठी आयर्लंडमधून हजारावर स्वयंसेवक गेले. परकीय सैन्यात भरती होण्यास ब्रिटिश कायद्याने बंदी असल्यामुळे ते कामगार व यात्रेकरू म्हणून प्रवास करीत. त्यांची 'सेंट पॅट्रिक बटालियन' उभी राहिली व मेजर माइल्स ओ'रायली तिचा प्रमुख झाला. वीस वर्षांचा किओ त्या बटालियनमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. शस्त्रे अपुरी, गणवेश अपुरे, शिक्षण काही आठवड्यांचे, अशी या पलटणीची स्थिती होती. १८ सप्टेंबर १८६० रोजी कास्तेलफिदार्दो येथे पोपच्या सैन्याचा पराभव झाला. किओ अँकोनाच्या वेढ्यात लढत होता. ते बंदर २९ सप्टेंबरला पडले आणि तो युद्धबंदी झाला.

सुटकेनंतर तो रोमला परतला. पोपच्या सेवेत राहिलेल्या छोट्या आयरिश कंपनीत त्यास स्थान मिळाले व 'प्रो पेत्री सेदे', म्हणजे 'पीटरच्या आसनासाठी', हे पदक देण्यात आले. या पदकाच्या वर्तुळात उलटा क्रूस आहे, कारण संत पीटर यास उलटे टांगून क्रूसावर चढवले गेले, अशी परंपरा आहे. त्याशिवाय सेंट ग्रेगरी या बहुमानाचा क्रूसही त्यास मिळाला. पहिले पदक १८६० च्या मोहिमेत लढलेल्यांना सरसकट दिले गेले, तर दुसरा बहुमान निवडक होता.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. ही मानचिन्हे पराभवानंतर दिली गेली. ज्या राज्यापाशी देण्यास जमीन नव्हती, खजिना नव्हता व पुढील युद्धात जिंकण्याची आशाही नव्हती, त्याने कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी धातूचा आधार घेतला. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोम घेतले व ते राज्यच नकाशावरून पुसले गेले. त्यानंतर सहा वर्षे किओ जगला. अस्तास गेलेल्या एका सत्तेची पदके छातीवर लावलेले त्याचे छायाचित्र पाहताना हे विसरता येत नाही.

यादवी युद्ध आणि 'ब्रेव्हेट'

१८६२ च्या प्रारंभी न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूज युरोपच्या दौऱ्यावर होते. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या पक्षास अनुभवी अधिकाऱ्यांची निकड होती व परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांचा अशा भरतीस पाठिंबा होता. किओ, डॅनियल कीली आणि जोसेफ ओ'कीफ या तिघा मित्रांनी पोपची सेवा सोडली आणि एप्रिल १८६२ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांना लगेच कॅप्टन म्हणून नियुक्ती मिळाली व आयर्लंडमध्येच जन्मलेले जनरल जेम्स शील्ड्स यांच्या हाताखाली तिघेही रुजू झाले. जून १८६२ मधील पोर्ट रिपब्लिकच्या लढाईत कीलीच्या चेहऱ्यावर गोळी लागली. तो वाचला, पण १८६७ मध्ये पीतज्वराने मरण पावला. ओ'कीफ १८६५ मध्ये फाइव्ह फोर्क्स येथे प्राणघातक जखमी झाला. रोमहून निघालेल्या तिघांपैकी १८६७ नंतर एकटा किओ उरला.

किओची खरी घडण जनरल जॉन ब्यूफोर्ड यांच्या सहवासात झाली. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे ब्यूफोर्ड यांनी आपल्या स्वारांना घोड्यांवरून उतरवून पायदळासारखे लढवले व उत्तरेचे मुख्य पायदळ येईपर्यंत दक्षिणेच्या चढाईस खीळ घातली. किओ त्या वेळी ब्यूफोर्ड यांचा सहायक अधिकारी होता. गोळीबाराच्या रेषेमधून हुकूम पोहोचवणे हे सहायकाचे काम, आणि ते काम करणाऱ्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येतात. डिसेंबर १८६३ मध्ये ब्यूफोर्ड आजारपणाने वारले, तेव्हा किओ त्यांच्या शय्येजवळ होता. पुढे तो जनरल जॉर्ज स्टोनमन यांच्याकडे गेला. जुलै १८६४ मध्ये जॉर्जियातील युद्धबंद्यांना सोडवण्याच्या उद्देशाने स्टोनमन यांनी घोडदळाचा छापा घातला, परंतु सनशाइन चर्च येथे ते स्वतःच बंदी झाले. त्यांच्याबरोबर किओही पकडला गेला. युद्धबंद्यांच्या अदलाबदलीत त्याची सुटका झाली.

या सेवेबद्दल त्यास जो सन्मान मिळाला त्याचे नाव 'ब्रेव्हेट'. मराठीत त्यास 'मानद बढती' म्हणता येईल. शौर्याबद्दल वरच्या हुद्द्याचे नाव मिळावयाचे, पण वेतन आणि अधिकार बहुधा मूळ हुद्द्याचेच राहावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. त्या काळी अमेरिकी लष्करात 'मेडल ऑफ ऑनर' वगळता शौर्यपदके नसल्यामुळे ब्रेव्हेट हाच अधिकाऱ्यांचा प्रमुख सन्मान होता. गेटिसबर्गसाठी किओ ब्रेव्हेट मेजर झाला आणि जॉर्जियातील डॅलसच्या लढाईसाठी ब्रेव्हेट लेफ्टनंट कर्नल. युद्ध संपता संपता अशा बढत्या इतक्या मुक्तहस्ते वाटल्या गेल्या की त्यांचे मोल उतरले. अखेर १५ जुलै १८७० च्या कायद्याने ब्रेव्हेट हुद्द्याचा गणवेश कामावर वापरण्यास व सरकारी पत्रव्यवहारात त्या हुद्द्याने संबोधण्यास मनाई केली. म्हणजे १८७० या एकाच वर्षी किओच्या पदकांमागील राज्य नाहीसे झाले आणि त्याचा दुसरा सन्मान सरकारी कागदांतून हद्दपार झाला. उरला तो फक्त कॅप्टन.

सीमेवरील दहा वर्षे

२८ जुलै १८६६ रोजी नव्याने उभारलेल्या सातव्या घोडदळात किओची कॅप्टन म्हणून नियुक्ती झाली व 'आय' कंपनी त्याच्याकडे आली. या रेजिमेंटमधील शंभराहून अधिक माणसे आयर्लंडमध्ये जन्मलेली होती. तिचे संचलनगीत 'गॅरिओवेन' हीदेखील लिमरिककडील आयरिश चाल. अधिकारी व शिपाई यांच्यातील अंतर मात्र फार मोठे होते. किओसारखा पदवीधारी मित्रांत वावरणारा, जमीनजुमल्याची पार्श्वभूमी असणारा अधिकारी आणि बोटीवरून उतरून दुसरे काम न मिळाल्याने भरती झालेला शिपाई या दोघांना 'आयरिश स्थलांतरित' या एकाच शब्दात बसवणे सोयीचे असले तरी अचूक नाही.

या अंतराची एक खूण घोड्यांच्या बाबतीत दिसते. मराठ्यांच्या लष्करी परिभाषेत सांगावयाचे तर शिपाई हे बारगीर होते, त्यांना घोडा सरकारचा मिळे; अधिकारी हे शिलेदार, त्यांनी घोडा स्वतःच्या पैशाने घ्यावयाचा. १८६८ मध्ये लष्कराने खरेदी केलेल्या घोड्यांपैकी एक किओने सुमारे ९० डॉलर देऊन आपल्यासाठी घेतला. त्याचे नाव कोमँची.

किओच्या लष्करी कारकिर्दीविषयी एक बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. नोव्हेंबर १८६८ मध्ये जनरल कस्टरने वॉशिटा नदीकाठी शायान लोकांच्या वस्तीवर हल्ला केला, तेव्हा किओ दुसऱ्या जनरलच्या हाताखाली होता. १८७३ च्या यलोस्टोन मोहिमेत तो नव्हता, कारण त्याची कंपनी कॅनडाच्या सीमेच्या मोजणीस संरक्षण देत होती. १८७४ मध्ये कस्टर सोन्याच्या शोधात ब्लॅक हिल्समध्ये गेला, तेव्हा किओ दीर्घ रजेवर आयर्लंडमध्ये होता. मूलनिवासींशी लढणारा म्हणून प्रसिद्ध झालेल्या या अधिकाऱ्याने त्यांच्याशी केलेली पहिली मोठी लढाई हीच त्याची अखेरची लढाई ठरली.

१८७४ च्या त्या रजेत त्याने जे केले ते त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकते. मावशीकडून वारशाने आलेली किल्केनीतील क्लिफ्डन येथील जमीन त्याने आपली बहीण मार्गारेट हिच्या नावे करून दिली. परत जाऊन शेती सांभाळण्याचा मार्ग त्याने स्वतःच बंद केला. पुढे मोहिमेवर निघण्यापूर्वी त्याने १०,००० डॉलरचा आयुर्विमा उतरवला व न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न येथील मार्टिन या स्नेही कुटुंबास पत्र लिहून, आपण मारले गेल्यास आपला देह ऑबर्नला आणून पुरावा, अशी इच्छा कळवली. ज्याने मायदेशातील जमीन सोडली व नव्या देशात घर बांधले नाही, त्याने निदान कबरीची जागा तेवढी ठरवून ठेवली. मृत्यूचे पूर्वज्ञान म्हणून या पत्राचे उदात्तीकरण केले जाते. प्रस्तुत लेखकास त्यात व्यवहारी सैनिकाची आवराआवर अधिक दिसते.

२५ जून १८७६

१८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटा लोकांस दिलेला होता. १८७४ मध्ये तेथे सोने सापडताच तहाचा अर्थ बदलला. ३१ जानेवारी १८७६ पर्यंत राखीव क्षेत्रात न परतणाऱ्यांस शत्रू समजले जाईल, असा हुकूम निघाला. भर हिवाळ्यात हा हुकूम पाळणे तर दूरच, तो वेळेत पोहोचणेही कठीण होते. पुढे १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच हा प्रदेश बेकायदा घेतला गेल्याचा निर्णय देऊन सुमारे १० कोटी ५० लाख डॉलरची भरपाई मान्य केली. लाकोटा लोकांनी ती स्वीकारलेली नाही. त्यांची मागणी जमिनीची आहे.

लिटल बिगहॉर्नच्या लढाईचा संपूर्ण वृत्तान्त येथे देण्याचे कारण नाही. कस्टरबरोबरच्या पाच कंपन्यांपैकी तीन किओच्या नियंत्रणाखाली होत्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लाकोटा व शायान साक्षीदारांच्या कथनानुसार शायान नेता लेम व्हाइट मॅन याच्या हल्ल्याने एक तुकडी उधळली, तर क्रेझी हॉर्सच्या धडकेने टेकडीवरील सैन्याची फळी मधोमध फुटली. हे कथन शंभर वर्षे उपेक्षित राहिले. ऑगस्ट १९८३ मध्ये रणभूमीवरील गवतास आग लागून जमीन उघडी पडली आणि १९८४-८५ मध्ये डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी तेथे पुरातत्त्वीय उत्खनन केले. काडतुसांच्या नळकांड्यांच्या विखुरणीवरून फॉक्स यांनी असा निष्कर्ष काढला की, किओच्या भागात सुसंघटित प्रतिकार फार काळ टिकला नाही व शिस्त लवकर कोसळली. शेवटच्या गोळीपर्यंत रांग न मोडणाऱ्या शिपायांचे जे चित्र अमेरिकी घराघरांत टांगले गेले होते, त्यास हा मोठा धक्का होता. मूलनिवासींनी जे तोंडी सांगितले होते, त्यास जमिनीनेच दुजोरा दिला.

तथापि एक तपशील या कोसळण्यातही टिकून राहतो. किओच्या देहाभोवती त्याच्या कंपनीचे सार्जंट, बिगुलवाला व निशाणवाला पडलेले आढळले. त्याच्या डाव्या गुडघ्याचा चुराडा झाला होता आणि ज्या गोळीने तो झाला, तिचीच जखम कोमँचीच्या अंगावर होती. म्हणजे घोडा व स्वार एकाच गोळीने जायबंदी झाले आणि त्यानंतरही ही माणसे त्याच्याजवळ राहिली. यास कोणतेही पदक मिळाले नाही. या लढाईसाठी २४ 'मेडल ऑफ ऑनर' दिली गेली, ती सर्व दूरच्या टेकडीवर तग धरून राहिलेल्या तुकड्यांतील माणसांना. कस्टरच्या पाच कंपन्यांच्या शौर्याची साक्ष देण्यास त्यांच्या बाजूचा कोणी उरलाच नव्हता. त्या दूरच्या टेकडीवरही न्याय सरळ झाला नाही. जखमींसाठी पाणी आणताना मायकेल मॅडन या आयरिश जिनगराचा पाय गेला, पण त्यास सार्जंटची बढती मिळाली, पदक नाही.

घोड्याचा सन्मान

कोमँची जखमी अवस्थेत सापडला व बोटीतून फोर्ट लिंकनला नेण्यात आला. १० एप्रिल १८७८ रोजी रेजिमेंटचा प्रमुख कर्नल सॅम्युएल स्टर्जिस याने लेखी हुकूम काढला की, या घोड्यावर यापुढे कोणीही बसू नये व त्यास कोणतेही काम देऊ नये. हा हुकूम भावनाविवश म्हणून हसण्यावारी नेण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे की, स्टर्जिसचा तरुण मुलगाही त्याच लढाईत मारला गेला होता व त्याचा मृतदेह ओळखता आला नव्हता. कोमँची १८९१ मध्ये फोर्ट राइली येथे मेला. त्याचे कातडे पेंढा भरून जतन केले गेले, १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले व आज ते कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. त्यास 'लढाईतून वाचलेला एकमेव जीव' म्हणण्याची प्रथा पडली. हे विधान करण्यासाठी हजारो लाकोटा व शायान माणसे, त्यांनी नेलेले घोडे आणि सातव्या घोडदळाच्या उर्वरित सात कंपन्या इतक्यांस गणतीतून वगळावे लागते.

त्याच रेजिमेंटने २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे लाकोटा स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केली. त्यासाठीही सुमारे २० 'मेडल ऑफ ऑनर' दिली गेली. ती परत घेण्याची मागणी दीर्घकाळ होत आली. २०२४ मध्ये त्यांचे पुनर्विलोकन करण्याचा आदेश निघाला आणि २०२५ मध्ये ती कायम ठेवल्याची घोषणा झाली. किओच्या साथीदारांना न मिळालेली पदके आणि वूंडेड नी येथे मिळालेली पदके शेजारी ठेवली, म्हणजे शौर्य आणि सन्मान यांचे नाते किती सैल असू शकते ते कळते.

सप्टेंबर १८७६ मध्ये स्लिम ब्यूट्स येथे लष्कराने मूलनिवासींची एक वस्ती उद्ध्वस्त केली, तेव्हा 'आय' कंपनीचे निशाण व किओचे हातमोजे तेथे मिळाले. किओचे अवशेष उकरून २६ ऑक्टोबर १८७७ रोजी ऑबर्नच्या फोर्ट हिल दफनभूमीत मार्टिन कुटुंबाच्या जागेत पुरण्यात आले. मोंटानात टंग नदीच्या मुखाशी उभारलेल्या ठाण्यास 'फोर्ट किओ' असे नाव मिळाले. लिटल बिगहॉर्न येथे लढलेला शायान प्रमुख टू मून्स १८७७ मध्ये तेथील छावणीतच शरण आला व पुढे लष्कराचा वाटाड्या झाला. कालांतराने फोर्ट किओ लष्करासाठी घोडे तयार करण्याचे केंद्र बनले. आता तेथे गुराढोरांच्या पैदाशीवर कृषी खात्याचे संशोधन चालते.

रणभूमीवर १८९० मध्ये सैनिकांच्या मृत्युस्थळी पांढऱ्या संगमरवरी शिळा बसवल्या गेल्या. किओची शिळा टेकडीच्या पूर्व उतारावर, त्याच्या माणसांच्या शिळांच्या घोळक्यात आहे. १९९१ मध्ये कस्टरचे नाव काढून या स्थळास लिटल बिगहॉर्नचे नाव देण्यात आले. १९९९ मध्ये तेथे तांबूस ग्रॅनाइटच्या नव्या शिळा उभ्या राहू लागल्या. त्यांपैकी पहिल्या शिळांमध्ये टेकडीच्या दुसऱ्या बाजूस पडलेल्या लेम व्हाइट मॅनची शिळा होती.